उघाडी

आत्याने दारात चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "समुद्र कुटं हाय गं तुजा?"

पाटणहून निघालेली एसटी तिला रखडत, सकाळी दहाला नेरूळच्या एलपी थांब्यावर उतरवून गेली होती. रात्रभर खडखडत आलेल्या ७६ वर्षांच्या बाईला चहा नको होता, पाठ टेकायला गादी नको होती. समुद्र हवा होता. गावाकडच्या प्रत्येक लग्नात "आमच्या बाल्कनीतून समुद्र दिसतो" असं मी वर्षानुवर्षं सांगत आले, त्याची ही वसुली होती.

बाल्कनीत नेऊन बोट दाखवलं. ते हिरवं दिसतंय ना, त्याच्या पलीकडे. हिरव्यापलीकडे राखाडी पट्टा होता आणि त्याच्याही पलीकडे ट्रॉम्बेच्या टेकडीची धूसर रेघ. ओहोटी लागलेली. कठड्याला धरून ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो तर चिखल."

आता यावर काय बोलणार? आमच्या मागून जाणाऱ्या रस्त्याचं नाव पाम बीच मार्ग आहे आणि त्याला बीच कुठेही लागत नाही. वाशीकडून बेलापूरकडे जाताना एका अंगाला इमारती, दुसऱ्या अंगाला तिवरांचं रान, रानामागे ठाण्याची खाडी. वाळूचा कण नाही. पाय बुडवायला गेलात तर गुडघ्यापर्यंत रुताल आणि चप्पल तिथेच ठेवून परत याल. मुंबईकर पाहुण्याला गेटवे दाखवतो, ठाणेकर तलावपाळीला नेतो. आम्ही नेरूळकर पाहुण्याला आधी मॉल दाखवतो आणि मग विचारतो, जेवायला काय मागवू?

आत्या याआधी कधी आलीच नव्हती. माझे वडील, आमचा दादा, तिचा धाकटा भाऊ. जत्रेला, सुगीला, दिवाळीला तोच गावी जायचा, त्यामुळे तिला इकडे यायचं कारण पडलं नाही. दादा गेला त्याला सहा वर्षं झाली. या चैत्रात तिने स्वतःच फोन करून सांगितलं, "येत्येय. चार दिस. तू ऱ्हातीस ते गाव बघायचंय." तिच्या लेखी हे गावच.

पहिल्या संध्याकाळी मी तिला वंडर्स पार्कला नेलं. इथे जगातली सात आश्चर्यं छोट्या आकारात उभी केली आहेत. चीनची भिंत, पेट्रा, कलोसियम, सगळं अर्ध्या तासात उरकतं. ताजमहालासमोर ती थांबली. "हितं कोण पुरलंय?" कुणीच नाही म्हटल्यावर तिचा त्यातला रस संपला. तिथली झुकझुक गाडी मात्र तिला आवडली; दोनदा बसली, आणि दुसऱ्यांदा तिकिटाचे पैसे स्वतः दिले. येताना रिक्षातून डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिव्यांचे खांब दिसले. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या पोरींनी विश्वचषक जिंकला तो इथेच, मध्यरात्री आमची सगळी सोसायटी गॅलरीत येऊन ओरडत होती, असं मी सांगितलं. ते तिने टीव्हीवर पाहिलं होतं. चालत्या रिक्षातून तिने स्टेडियमला हात जोडले. ताजमहालाला जोडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी बेलापूरचा किल्ला ठरवला होता. किल्ला म्हणजे काय, एक बुरूज आणि थोडं पडकं बांधकाम. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे सगळे त्याच्यावरून गेले आणि आता वडाच्या मुळ्या जातायत. पण आत्याने तो बेत मोडला. "किल्लं हायत आमच्याकडं. दादा कुटं काम करायचा त्ये दाव."

म्हणून पहाटे साडेपाचला आम्ही तुर्भ्याच्या बाजारात. नवी मुंबईत कुणी 'प्रेक्षणीय स्थळं' विचारली तर ही जागा कुणी सांगत नाही. माझ्या मते मात्र पहिलं नाव हिचंच. भायखळ्याची भाजी, क्रॉफर्ड मार्केटची फळं, मशीद बंदरचं धान्य, सगळा मुंबईचा घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडी ओलांडून इथे आला. त्याच्याबरोबर तो वाहणारी माणसंही आली. ती माणसं कुठली, तर जावळी, पाटण, महाबळेश्वरकडची. एका पिढीतल्या धडधाकट पुरुषांनी आमच्या डोंगरातली गावं मोकळी केली आणि मुंबईच्या गोदामांत गोणी उचलल्या. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना माणसासारखं काम मिळालं, आणि पुढे कोपरखैरणे-घणसोलीत घरं. आमची खोली कोपरखैरण्यातली. एकावर एक रचलेल्या ट्रंका, पोटमाळ्यावर झोपणारे गाववाले, आणि दादाच्या शर्टाला कायम कांद्याचा वास.

चैत्रात फळबाजारात शिरायचं म्हणजे माणसाने गुडघे सांभाळायचे. हापूसच्या पेट्या टेम्पोतून उतरतायत, "बाजू, बाजू" असा एकच घोष, गवताचा आणि पिकत्या आंब्याचा मिळून एक उबदार वास. आत्या तिथे रेंगाळली नाही. कांदा-बटाट्यात गेली. मी दादाचा धक्का दाखवला, म्हणजे मालाचे ट्रक जिथे मागून लागतात तो कंबरेएवढा उंच ओटा. तिने त्यावर हात ठेवला, मग शेजारच्या गोणीवर ठेवला, आणि दोन्ही हातांनी ती हलवून बघितली. हलली नाही.

"ही केवढ्याची?"

"पन्नास किलो," शेजारचा माणूस म्हणाला. "आधी शंभराच्या असायच्या. कुठलं गाव, आजी?"

पाटण म्हटल्यावर चहा आला. दादाचं नाव सांगितल्यावर आणखी दोघं आले. त्यातला एक पांढऱ्या मिशांचा म्हणाला, "मानेखाली गाठ होती बघा त्याच्या, लिंबाएवढी." प्रत्येकाला असते ती, ओझं टेकतं तिथे मांस घट्ट होतं. आत्याला ठाऊक नव्हती. गावी यायचा तेव्हा दादा सदरा कधी काढायचा नाही, एवढंच तिला आठवलं. चहाचा पेला रिकामा झाला तरी तिने तो हातातून ठेवला नाही, आणि मी फळबाजारातून दोन डझनांचा खोका घ्यायच्या निमित्ताने बाजूला झाले.

तिसऱ्या दिवशी एकादशी. शाळेतली माझी मैत्रीण सारसोळ्याची, आग्री-कोळी घरातली, गावठाणातच राहते. तिने आधीच सांगून ठेवलं होतं, "रोहित बघायचेत ना? मग एकादशीलाच आण आत्याला, आठच्या सुमाराला. उशीर केलास तर शेपट्या बघाल."

एकादशीचा आणि रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, काय संबंध, हे मी विचारलं नाही. तिच्या घरची माणसं असली वाक्यं सहज बोलतात आणि त्यांना वाटतं सगळ्यांना कळतं.

डीपीएस तलावावर आम्ही आठला पोचलो. सीवूड्सजवळच्या इमारतींना खेटून असलेलं हे उथळ पाणी. थंडीपासून मे अखेरपर्यंत रोहित इथे असतात. खाडीचा चिखल उघडा पडला की ते तिकडे चरतात. भरतीने चिखल बुडाला की उठून आतल्या पाणथळींवर येतात, पाणी उतरेपर्यंत. २०२२ पासून ठाणे खाडी पाणथळींच्या जागतिक रामसर यादीत आहे, त्याआधी २०१५ मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला. आता आमच्या शहरात चौकात फ्लेमिंगो, उड्डाणपुलाखालच्या भिंतीवर फ्लेमिंगो, कचऱ्याच्या डब्यावरसुद्धा फ्लेमिंगो. खऱ्याची मात्र खात्री नसते. मध्यंतरी या तलावात खाडीचं पाणी यायची वाट बुजली होती आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तळ भेगाळला होता. त्या दिवशी पाणी होतं. आणि पाण्यावर ते होते, शेकड्यांनी, एकमेकांना चिकटून, जणू कुणी गुलालाचं ताट उपडं केलंय.

मोठे कॅमेरे घेतलेले लोक श्वास रोखून उभे होते. आत्या मोठ्याने म्हणाली, "आगं, ह्ये डोस्कं उलटं करून खात्यात!"

एका कॅमेऱ्याने वळून पाहिलं. पण तिचं निरीक्षण बिनचूक होतं. रोहित चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो, त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव ठेवून घेतो आणि त्याच खाण्याने गुलाबी होतो. कळपात काही मळकट राखी होते, ती यंदाची-गेल्या वर्षीची पिल्लं. "ह्यास्नी अजून रंग चढला न्हाई," ती म्हणाली. "खातील, चढंल." साडेनवाच्या सुमाराला एका कडेने हालचाल सुरू झाली. पाच-पन्नास उठले, पंखाखालचा काळा-लाल पट्टा उघडला, आणि इमारतींच्या मधून खाडीकडे गेले. मग आणखी. दहा मिनिटांत निम्मं पाणी रिकामं. "जेवाया गेली," आत्या म्हणाली, आणि तिला स्वतःच्या उपासाची आठवण झाली.

मैत्रिणीच्या घरी वरी-दाण्याची आमटी तयार होती. त्या घरात एरवी त्या वेळेला जिताड्याचं कालवण रटरटत असतं. आत्याच्या मानासाठी चूल बाटवली नव्हती, यावरून मैत्रिणीच्या वडिलांनी दोनदा कुरकुर केली, आत्याला ऐकू जाईल अशी. बाबा ऐंशीला टेकलेले. घर तीन मजली, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या पैशातलं. पण बाबा बसतात ते ओटीवर, पानाचा डबा घेऊन, खाडीच्या दिशेला तोंड करून. मध्ये आता पाम बीच रस्ता आणि त्यावरच्या गाड्या. तरी तोंड तिकडेच.

एकादशीचं गणित त्यांनी उलगडलं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ. थोडं पुढेमागे होतं, पण होडी सोडायला तेवढं पुरतं. आत्या थक्क झाली. वयाच्या पंधराव्या वर्षापासून ती एकादश्या मोजतेय, आणि तिच्या उपासाला एक समुद्र बांधलेला आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने बोटांच्या पेरांवर पंचमी, नवमी, द्वादशी करून बघितल्या. बाबा माना डोलवत राहिले.

मग तिने तिचा मूळ प्रश्न काढला, जो मला दोनदा विचारून झाला होता. एवढा समुद्र भरून येतो आणि तुमची घरं तर जमिनीसरशी. मग गावात पाणी कसं शिरत नाही?

बाबांनी पानाचा डबा उचलला, आडवा धरला, झाकण खाली लोंबेल असा. "ही उघारी गो बाय." आग्री बोलीत ड चा र होतो, गाडीची गारी, खाडीची खारी. उघाडी म्हणजे खारबांधातलं दार. इथली भातशेती सगळी खाजणातली, भरतीच्या पातळीच्या खाली. भोवती मातीचा बांध आणि बांधात हे लाकडी दार, वरून बिजागरीवर टांगलेलं, बाहेरच्या बाजूला उघडणारं. बाबांनी एका हाताने झाकण ढकलून मिटवलं: भरती आली, पाण्यानेच दार बंद केलं. हात काढला, आतून बोटाने ढोसलं: सुकती लागली, शेतात साठलेलं पावसाचं पाणी आतून रेटतं, दार उघडतं, पाणी जातं. माणूस लागत नाही. उधाणाला बांधाला खांड पडली तर मात्र सगळं गाव चिखलात उतरायचं, रात्र असो की पहाट, कारण एकदा खारं पाणी शिरलं की दोन-तीन वर्षं भात विसरायचा.

"आनि आता?" आत्या.

"आता बी त्याच. तुमची नवी मुंबई आमचे उघारीवरच चालते."

मला वाटलं म्हाताऱ्याचा अभिमान बोलतोय. पण खरंच तसंच आहे. १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांची जमीन घेतली गेली. ३४४ चौरस किलोमीटर. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीला किंवा त्याच्या खाली येणार होता. भराव तरी किती घालणार? म्हणून नाल्यांच्या तोंडाशी मोठाली तळी खोदली, होल्डिंग पॉण्ड, आणि खाडीच्या बाजूला लोखंडी झडपा बसवल्या. भरतीला झडप मिटते, शहराचं पावसाचं पाणी तळ्यात थांबतं; ओहोटीला झडप उघडते. हे हॉलंडचं तंत्र, असं मी कॉलेजात ऐकलं होतं. बाबांना हॉलंड माहीत नव्हतं. त्यांनी डबा खाली ठेवला आणि सुपारी कातरायला घेतली.

"आन् तुमची जमीन?" आत्याने विचारलं.

तिने विचारलं म्हणून ते बोलले. मला इतक्या वर्षांत त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि खरं तर मीही विचारलं नव्हतं. कुठे राता पिकायचा, तो लाल जाडा खाऱ्या जमिनीतला तांदूळ. कुठे निवट्या, ते चिखलातले मासे, मारायला जायचे. माझी सोसायटी आहे तिथे त्यांच्या मामाचं खाचर. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या मागे उरणकडे शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतर कुठे विकसित जमिनीतले साडेबारा टक्के परत द्यायचं ठरलं. बाबा मोर्चात होते. हे सगळं त्यांनी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

आत्या ऐकत होती. ती दहा-अकरा वर्षांची असताना कोयनेचं पाणी चढायला लागलं. त्यांच्या घराची कौलं उतरवून बैलगाडीत घातली आणि मागे वळून बघितलं तेव्हा उंबराचं झाड अर्धं पाण्यात होतं, हे आमच्या घरातलं पाठ झालेलं आहे. दादा तेव्हा तिच्या कडेवर. नवीन जागी जमीन मुरमाड. म्हणून दादा मुंबईला, म्हणून गोणी, म्हणून कोपरखैरणे. मी आयुष्यभर ही गोष्ट अशी ऐकली की आमचं गेलं. गेलेल्यांना शेवटी जिथे खोली मिळाली तिथेही कुणाचं तरी खाचर होतं, हे त्या ओटीवर, तोंडात साबुदाण्याची चकली असताना माझ्या डोक्यात शिरलं. अवघड झालं थोडं. चकली मोडताना फार आवाज करत होती.

आत्याने काही तत्त्वज्ञान सांगितलं नाही. म्हणाली, "पाण्याखाली गेलेलं उन्हाळ्यात कवा कवा दिसतं तरी. देवळाचं जोतं दिसतं आमच्या." बाबांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि तिच्यापुढे पान केलं. एकादशीला पान चालत नाही. तिने घेतलं.

संध्याकाळी तिला 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'ला जायचं होतं. नाव मला कधीच आवडलेलं नाही. इंग्रजी दागिना घातल्यावर तळ्याची किंमत वाढते असं कुणालातरी वाटलं असावं. पण जागा छान. तळ्याला फेरी मारायचा रस्ता, झाडं, बाकं, कानात वायर घालून झपाझप चालणारी माणसं, पाण्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढणारी पोरं. वाशीचं सागर विहार, तिथलं मिनी सीशोअर, तेही असंच एका पॉण्डच्या काठावर. म्हणजे आमच्या शहरात संध्याकाळी हवा खायला जायच्या ज्या दोन-तीन नामांकित जागा आहेत त्या मुळात गटारयोजनेचा भाग. हे कळल्यापासून मला त्या अधिकच आवडायला लागल्या आहेत. ताजमहाल मुद्दाम केला, तो कंटाळवाणा झाला. पाणी थांबवायला खड्डा केला, तिथे बगळे, खंड्या आले आणि माणसांनी डबे आणून खायला सुरुवात केली.

आत्याला पक्षी नको होते. तिने पहारेकऱ्याला विचारलं, "उघाडी कुटं हाय?" तो बिचारा जौनपूरचा. त्याने स्वच्छतागृहाकडे बोट दाखवलं. मग आम्हीच शोधत खाडीच्या बाजूला गेलो. काँक्रीटच्या तोंडाशी गंजाची पुटं चढलेल्या झडपा होत्या, एकीत तिवराची फांदी अडकलेली. भरती अजून वर चढली नव्हती, फटीतून पाणी संथ बाहेर चाललं होतं. तिथेच तळ्यात उतरणाऱ्या काही पायऱ्या होत्या. आत्याने त्या मोठ्याने मोजल्या. बारा. मग झडपेकडे बघून म्हणाली, "ती फांदी काढाया सांग कुणाला तरी. दार पुरं मिटायचं न्हाई."

सांगते म्हणाले. सांगितलं नाही. चौथ्या दिवशी ती गेली, आंब्याचा खोका मांडीवर घेऊन.

आषाढ संपता संपता पाऊस असा लागला की दोन दिवस खिडकी उघडता आली नाही. वद्य चतुर्दशी होती. सकाळी नऊला फोन. टीव्हीवर मुंबईचं पाणी बघत बसली होती.

"चौदाची पाऊणपट किती गं?"

"साडेदहा."

"मंग दीड तास हाय. जा, बघून ये. फोन चालू ठीव."

छत्री दोन वेळा उलटी झाली. तळ्यावर चालणारं कुणी नव्हतं, फक्त पहारेकरी टपरीत आखडून बसलेला. पाणी पार वर आलं होतं, चहाच्या रंगाचं, त्यावर पाऊस आदळत होता. ती फांदी अजून तिथेच होती की गेली होती, ते दिसत नव्हतं, झडपा पाण्याखाली. पायऱ्या मोजून तिला सांगितलं, बारातल्या चार उरल्यात.

"तीन झाल्या की सांग," आत्या म्हणाली.